जुना फ्लॅट विकायचा आहे, दाखवण्याआधी कशावर खर्च करावा?

पंधरा-वीस वर्षं जुना टू बीएचके असेल तर आधी ओल बघा. भिंतीवरचा डाग दिसला की गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतं. पण डागावर थेट पुट्टी मारू नका. पाणी कुठून येतंय ते शोधा: बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्यांचं बाथरूम की भिंतीतला पाइप. ते बंद करा, पोपडे पार प्लास्टरपर्यंत खरवडा, भिंत दोन-तीन आठवडे वाळू द्या, मगच प्राइमर, पुट्टी, रंग. ओल्या भिंतीवरची पुट्टी फुगून सुटते, आणि तीही नेमकी बोलणी चालू असताना. ओल दडवून विकणं ही तर सरळ फसवणूक. दुरुस्तीचं बिल जपून ठेवा आणि दाखवा.

रंग सगळीकडे एकच, ऑफ-व्हाइट. मॉड्युलर किचन नव्याने करू नका, तो पैसा सहसा वसूल होत नाही. नवा मालक ते आपल्या सोयीने बदलतोच. त्यापेक्षा गळके नळ, सैल बिजागऱ्या आणि बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या फटी सुधारा. जुनं ग्राउट, म्हणजे फटींतला भराव, दोन-तीन मिलिमीटर खरवडून एपॉक्सी ग्राउट भरा. बाल्कनीतलं सामान हलवा, खिडक्यांच्या जाळ्या धुवा; उजेड लगेच वाढतो.

घर शक्यतो सकाळी दाखवा. रूम फ्रेशनरचा मारा नको, काहीतरी लपवताय असं वाटतं. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र एका फाइलमध्ये हाताशी असू द्या.