बिअरचा चोथा कोंबड्यांना घाला, पण सोयापेंड काढू नका

सहा कोंबड्यांच्या घरच्या खाद्यातली सोयापेंड बंद करून तिथे बिअरचा चोथा घातला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चोथा चालेल. सोयापेंड बंद करणं नाही चालणार.

बिअरसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवतात, त्याला मॅश म्हणतात. त्यात माल्टमधला बहुतेक स्टार्च साखर होऊन पाण्यात उतरतो, मागे टरफलं आणि प्रथिनं राहतात, तोच चोथा. सुक्या चोथ्यात प्रथिनं साधारण २० ते २५ टक्के, त्यामुळे तो कागदावर भारी दिसतो. पण त्यात लायसीन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी, आणि मक्याच्या खाद्यात नेमकी तीच उणीव सोयापेंड भरून काढते. वर तंतूही भरपूर. म्हणून चोथा घालायचा तो गव्हाच्या कोंड्याच्या जागी. मका, सोयापेंड, शिंपल्यांची पूड आहे तशीच राहू दे.

प्रमाण मात्र सुक्या वजनावर धरा. ओल्या चोथ्यात पाऊण हिस्सा तर पाणीच असतं. १९ लिटर बिअरच्या बॅचला ५ किलो माल्ट घेतलं तर सातेक किलो ओला चोथा निघतो, तो वाळून जेमतेम दीड किलो भरतो. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते, सहाजणींचे झाले ७०० ग्रॅम. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे ७० ग्रॅम सुका, किंवा ३०० ग्रॅमच्या आसपास ओला. बस. बादलीभर ओतलात तर त्या तुटून पडतील, पाण्यानेच पोट भरेल, खरं खाद्य तसंच राहील आणि अंडी घटतील.

उरलेला त्याच दिवशी पिळा, ट्रेमध्ये पातळ पसरा आणि ओव्हनमध्ये ९० अंश सेल्सिअसवर, मधूनमधून हलवत, पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. एवढा खटाटोप नको असेल तर रोजच्या पुड्या बांधून फ्रीझरमध्ये टाका. उन्हाळ्यात बाहेर राहिलेला चोथा दुसऱ्या दिवशीच आंबतो. आंबटपणाचं मला फारसं वाटत नाही, बुरशीचं वाटतं. एक ठिपका दिसला तरी सगळा फेकायचा. वरचा थर काढून खालचा वापरायची काटकसर इथे नको. लहान पिल्लांना चोथा देऊच नका, इतके तंतू त्यांना झेपत नाहीत.

फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, तळाचा गाळ या हिशेबात धरू नका. त्यातलं जिवंत यीस्ट कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत फसफसू शकतं, शिवाय अल्कोहोल आणि हॉप्सही (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) असतात. धान्याचा चोथा हॉप्स पडायच्या आधीच निघतो, म्हणून तो निर्धोक. उकळलेले हॉप्स झाकणाच्या कंपोस्टमध्येच टाका, विशेषतः घरात कुत्रा असेल तर. हॉप्स खाऊन कुत्र्याला इतका ताप चढतो की जीवावर बेततं.