नव्या लॅपटॉपवर 80 तासांची सेव्ह उडाली? आधी नेट तोडा, मग गेमबद्दल बोलू

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी खपली निघाली. नवा लॅपटॉप आला, ‘एल्डन रिंग’ हा गेम नीट चालतो का हे बघायला तुम्ही स्टीम (गेम विकत घेऊन चालवायचं पीसीवरचं अ‍ॅप) ऑफलाइन ठेवून दहा मिनिटं खेळलात. दुसऱ्या दिवशी नेट जोडल्यावर ‘क्लाउड आणि कॉम्प्युटरवरच्या फाइल्स जुळत नाहीत’ अशी खिडकी आली, तुम्ही ताज्या तारखेची फाइल निवडलीत आणि 80 तासांचं कॅरेक्टर, म्हणजे सेव्ह फाइलमधली सगळी प्रगती, गेलं. सपोर्टने गेम काढून परत टाकायला सांगितलं. आता तुमचे प्रश्न दोन: पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का? आणि असा दगा न देणारा गेम कोणता घेऊ?

दुसऱ्या प्रश्नाला घाई नाही. पहिल्याला आहे, कारण जुना लॅपटॉप घरातच पडून आहे असं तुम्ही लिहिलंय. तो आत्ता सहज म्हणून चालू करू नका. केलाच असेल तर निदान गेम सुरू करू नका.

कारण सांगतो. स्टीम फक्त तारखा बघत नाही. मागच्या वेळी सिंक झालं, म्हणजे क्लाउडवरच्या (स्टीमच्या सर्व्हरवरच्या) प्रतीशी फाइल जुळवली गेली, तेव्हा या मशीनवर कोणती फाइल होती, याची नोंदही ते ठेवतं. तुमच्या जुन्या लॅपटॉपवरची फाइल त्या शेवटच्या सिंकनंतर बदललेली नाही आणि क्लाउडवर मात्र आता नवी, रिकाम्यासारखी फाइल जाऊन बसली आहे. म्हणजे स्टीमच्या दृष्टीने इथे वाद नाहीच. तुम्ही ‘प्ले’ दाबलंत की ते मुकाट्याने क्लाउडवरची फाइल उतरवून तुमची 80 तासांची फाइल पुसणार. खिडकी येणार नाही, काही विचारणार नाही. पहिल्या वेळी निदान विचारलं तरी होतं. बरीच माणसं खरी सेव्ह गमावतात ती या दुसऱ्या पायरीवर, ‘जुन्यावर तरी आहे का बघू’ म्हणून गेम उघडल्यावर.

म्हणून राउटरच बंद करा आणि मग जुना लॅपटॉप चालू करा. स्टीम विंडोजबरोबर आपोआप सुरू होत असेल तर घड्याळाशेजारच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून पूर्ण बंद करा. खिडकीचा फुलीचा बटण दाबलात तर ते मागे चालूच राहतं. मग विंडोज आणि आर एकत्र दाबून दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘अ‍ॅपडेटा’ टाइप करा (इंग्रजीत, जोडून). थेट ‘रोमिंग’ फोल्डर उघडेल. त्यात ‘एल्डनरिंग’ आणि त्याच्या आत 17 आकडी नावाचं फोल्डर दिसेल. तो तुमचा स्टीम आयडी. ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी म्हणजे कॉपी, कट नाही. आतली ‘ईआर0000.एसएल2’ ही मुख्य फाइल. तिच्या साइजवरून काही ठरवू नका. दहाही कॅरेक्टरांच्या जागा तिच्यात आधीच आखलेल्या असतात, त्यामुळे रिकामी आणि भरलेली फाइल साधारण सारखीच दिसते. तारीख बघा. शेजारची ‘बॅक’ शेपटीची फाइल म्हणजे थोड्या वेळापूर्वीची प्रत. फाइल करप्ट झाली तर ती उपयोगी पडते. नव्या लॅपटॉपवर मात्र तीही नव्याच कॅरेक्टरची असणार, तेव्हा तिथे तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आता नवा लॅपटॉप. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल, आणि क्लाउडमध्ये सेव्ह ठेवण्याचा पर्याय बंद. स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका. तिथलं सध्याचं 17 आकडी फोल्डरही आधी बाजूला कॉपी करून ठेवा, निरुपयोगी वाटलं तरी. मग पेनड्राइव्हवरच्या फाइल्स त्याच जागी टाका आणि गेम ऑफलाइन सुरू करा. कॅरेक्टर दिसलं की लोड करा, एखाद्या ‘ग्रेस’वर (गेममधल्या विसाव्याच्या जागी) बसा आणि मेनूमधल्या ‘क्विट गेम’नेच बाहेर पडा, म्हणजे फाइलला आजची तारीख लागेल. त्यानंतरच क्लाउड चालू करा. आता ती खिडकी परत आली तर ‘या कॉम्प्युटरवरची’ निवडा. फाइल त्याच स्टीम अकाउंटची हवी. दुसऱ्या अकाउंटवरून आणलेली गेम तशीच्या तशी घेत नाही.

जुन्या लॅपटॉपवरून ती फाइल पुसली गेली असेल तर आशा कमी, पण शून्य नाही. फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा. विंडोजची फाइल हिस्टरी किंवा सिस्टम प्रोटेक्शन आधीपासून चालू असेल तरच तिथे काही सापडेल. पुसलेल्या फाइल परत आणणारी सॉफ्टवेअर एसएसडीवर (आताच्या लॅपटॉपमधल्या वेगवान डिस्कवर) बहुधा हात हलवत परत येतात, कारण पुसलेली जागा डिस्क स्वतःच लगेच मोकळी करून टाकते. त्यासाठी पैसे तरी भरू नका.

आता सपोर्टबद्दल, कारण खरं घोडं तिथेच पेंड खातं. कोणत्या कंपनीचा सपोर्ट ते लिहीत नाही, पण मलाही नेमकं हेच उत्तर आलं होतं आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. ‘रिइन्स्टॉल करा’ हा सल्ला सेव्हच्या तक्रारीवर देणं म्हणजे शुद्ध बेफिकिरी. स्टीमवरचे बरेच गेम सेव्ह दुसऱ्या फोल्डरात ठेवतात, त्यामुळे गेम काढून काही साधत नाही. पण काही गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पासच्या आवृत्तीत गेम काढला की तिचं स्थानिक डेटाचं फोल्डरही जातं. म्हणजे हा सल्ला एक तर निरुपयोगी किंवा घातक, मधलं काही नाही. दुसरं ठरलेलं वाक्य ‘फाइल्स व्हेरिफाय करा’. व्हेरिफाय गेमच्या फाइल्स तपासतं, तुमच्या सेव्हशी त्याचा संबंध नाही. तिसरं, ‘लॉग पाठवा’. तुम्ही पाठवता, उत्तर येत नाही, आणि मग ‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने तिकीट बंद करत आहोत’. प्रतिसाद कोणी द्यायचा होता? असो.

सपोर्टला लिहायचंच असेल तर गोष्ट सांगत बसू नका. एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या क्लाउड सेव्हची आधीची आवृत्ती तुमच्या सर्व्हरवर आहे का, हो की नाही?’ उत्तर येईपर्यंत गेम उघडू नका, नाहीतर उरलेली प्रतही जाईल. दरम्यान स्टीमच्या वेबसाइटवर, अकाउंटच्या पानावर क्लाउडमधल्या फाइल्सची यादी मिळते. तिथे प्रत्येक फाइलची तारीख दिसते आणि ती डाउनलोडही करता येते. सपोर्टच्या माणसाने सगळ्यात आधी हे सांगायला हवं होतं.

आणि त्या खिडकीत ‘ताजी तारीख’ हा निकष कधीच वापरू नका. नव्या मशीनवर गेम एकदा उघडला तरी कोरी फाइल तयार होते आणि तीच ताजी ठरते. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळ काही तासांनी पुढेमागे होतं, तिथे तारखेचा भरवसा आणखी कमी. स्टीम डेकवाल्यांनी (स्टीमचं हातात धरून खेळायचं यंत्र) गेम झोपवून ठेवून पीसीवर खेळायला बसू नये, आधी तो पूर्ण बंद करून अपलोड होऊ द्यावा. शंका असेल तर खिडकी तशीच बंद करा, काहीही न निवडता.

आता गेम. ही माझी मतं आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. कुठल्याही गेमचं कौतुक ऐकलं की मी आधी सेव्ह कशी होते ते बघतो. गेम तुमच्या वेळेला किती किंमत देतो ते तिथे कळतं.

‘एल्डन रिंग’वर राग काढू नका. सतत आपोआप सेव्ह, हाताने सेव्ह नाही, म्हणजे घेतलेला निर्णय मागे नाही. हे मुद्दाम केलंय आणि त्या जगाला ते शोभतं. उलट लोक म्हणतात तितका हा गेम निर्दय नाही. बऱ्याच बॉसच्या (मोठ्या शत्रूंच्या) जवळ ‘स्टेक ऑफ मारिका’ असतो, मेलात तर तिथूनच उठता. जुन्या ‘डार्क सोल्स’मध्ये दर वेळी बोनफायरपासून (तिथली विसाव्याची जागा) धावत यावं लागायचं, त्याला मी आव्हान म्हणत नाही. ‘हॉलो नाइट’ (2017) चित्र, संगीत, नकाशा सगळ्यात अव्वल, पण जिथे सेव्ह होते त्या बाकड्यांमधली अंतरं मला आजही खटकतात. बॉसशी दोन मिनिटं लढायला तीन मिनिटं चालायचं. भक्तांनी माफ करावं.

‘द विचर 3’ (2015) या बाबतीत आदर्श. हव्या तेवढ्या सेव्ह, प्रत्येकीची वेगळी फाइल, डॉक्युमेंट्समध्ये उघड्यावर. एक बिघडली तर मागची आहेच. फक्त क्विकसेव्हवर (एक कळ दाबून होणाऱ्या सेव्हवर) अवलंबून राहू नका, कारण इथे निवडीचा परिणाम कित्येक तासांनी समोर येतो. मोठ्या क्वेस्टच्या (मोहिमेच्या) तोंडाशी हाताने वेगळी सेव्ह करा. ‘स्कायरिम’लाही हेच लागू: जुन्या सेव्हवर सेव्ह न करता दर वेळी नवी, विशेषतः मॉड्स (चाहत्यांनी केलेले बदल) असतील तर. ‘बाल्डर्स गेट 3’ (2023) मध्ये एफ5 (सेव्ह) आणि एफ8 (मागची सेव्ह लोड) इतक्या हाताशी आहेत की फासा वाईट पडला की लोक लगेच मागे जातात. करा खुशाल, पण अर्धा गेम त्या वाईट फाशांतच आहे. सेव्हचा ढीग साचला तर गेमच्या आतून पुसा. फोल्डरातून पुसल्या तर क्लाउड त्या परत आणून ठेवू शकतं.

‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा पीसीवर सेव्ह 8 एमबीच्या वर गेली की करप्ट व्हायची. जो माणूस जास्त वस्तू गोळा करून क्राफ्टिंग करेल, म्हणजे जो जास्त खेळेल, त्यालाच शिक्षा. 1.06 पॅचमध्ये (दुरुस्तीत) ती मर्यादा गेली, पण आधी बिघडलेल्या सेव्ह परत आल्या नाहीत. आज घ्यायला हरकत नाही, गेम आता खरंच चांगला आहे. पण नवा गेम पहिल्या आठवड्यात घेऊ नये असं मी म्हणतो ते याच्यामुळे.

‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (2018) मध्ये हवी तेव्हा सेव्ह करायची तर ‘सेव्हियर श्नॅप्स’ नावाची दारू जवळ हवी. कल्पना गमतीची, पण कामावरून येऊन तासभर खेळणाऱ्याला जाचक. नंतर ‘सेव्ह करून बाहेर पडा’ हा पर्याय दिला म्हणून सुसह्य झालं. ‘एलियन: आयसोलेशन’ (2014) मध्ये भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून काही सेकंद थांबावं लागतं आणि तेवढ्यात मागून मृत्यू येऊ शकतो. तिथे मात्र मी तक्रार करणार नाही, कारण गेम भीतीचाच आहे. ‘नियर: ऑटोमेटा’मध्ये ऑटोसेव्ह नाही आणि सुरुवातीच्या लांबलचक मोहिमेत सेव्हच करता येत नाही. शेवटाकडे मेलात तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वेळी सोप्या पातळीवर खेळा, कमीपणा मानू नका.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: डोकं शांत करायचं असेल तर ‘स्टारड्यू व्हॅली’. रात्री झोपल्यावरच सेव्ह होते, पण एक दिवस साधारण 14 मिनिटांचा, त्यामुळे वीज गेली तरी तेवढंच नुकसान. शिवाय मागच्या दिवसाची सेव्ह ‘ओल्ड’ शेपटी लावून शेजारीच ठेवलेली असते. हातघाईचं हवं असेल तर ‘हेडीस’: मध्येच उठलात तर त्याच खोलीच्या दारापासून पुन्हा सुरू.

सेव्ह फक्त सर्व्हरवर असलेले गेम या यादीत घेतले नाहीत. ‘द क्रू’ या अशाच गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि गेम विकत घेतलेल्यांच्याही हाती काही उरलं नाही. तिथे कुठली प्रत काढणार? कन्सोलवाल्यांनी हेही बघून ठेवा की पीएस5 (प्लेस्टेशन 5) च्या गेमची सेव्ह यूएसबीवर घेता येत नाही, क्लाउडसाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. पीएस4 चे गेम त्यावर खेळत असाल तर त्यांची सेव्ह मात्र यूएसबीवर जाते.

जुन्या लॅपटॉपवर ती एसएल2 फाइल सापडली तर तिची तारीख इथे लिहा. आणि मधल्या काळात त्यावर गेम उघडला गेला असेल तर तेही स्पष्ट सांगा, मग ‘बॅक’ फाइलचं नाव बदलून काही जमतं का ते बघता येईल.