तक्रार आली की आधी जागेवर जाऊन बस

फॅसिलिटीच्या, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या, कामात नवीन आहेस म्हणून सांगतो. 'डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात' अशी तक्रार आली की लगेच एसीचं तापमान बदलू नकोस. त्या माणसाच्या जागेवर दहा मिनिटं बस. त्रास कधी सुरू होतो, घरी गेल्यावर थांबतो का, शेजारच्यांनाही होतो का, हे विचार आणि तारखेसह लिहून ठेव. बाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, तर इमारतीतल्या हवेकडे बघायला लाग.

दुपारी, माणसं भरलेली असताना, कार्बन डायऑक्साइड मोज. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत १००० च्या वर गेला, तर ताजी हवा कमी पडतेय. पुण्यातल्या एका ऑफिसात एएचयू रूममध्ये (एसीची हवा इमारतभर खेळवणाऱ्या यंत्राच्या खोलीत) गेलो, तर वीजबिल वाचवायला कुणीतरी ताज्या हवेचा डॅम्पर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) तारेनं बंद बांधून ठेवलेला. एसीचं पाणी निथळतं त्या ड्रेन ट्रेमध्ये पाणी साचून बुळबुळीत थर चढलेला. तार सोडली, ट्रे घासला, तरी बुरशी धरलेल्या सीलिंग टाइल्स बदलेपर्यंत कुबट वास काही गेला नाही. पावसाळ्यात या टाइल्स आधी बघ.

आणि 'मनाचे खेळ आहेत' असं कुणालाही म्हणू नकोस. जे सापडलं ते तक्रार करणाऱ्याला त्याच दिवशी कळव.