इंग्रजी, इटालियन आणि रशियन या तीन भाषांत काम करताना अनेकार्थी शब्दांचं भाषांतर कसं करावं?

सगळ्यात आधी, इंग्रजीला मध्यस्थ करू नका. इटालियन-रशियन कोश थेट वापरा. इटालियनमध्ये आकाशी रंग 'आद्झुर्रो' आणि गडद निळा 'ब्लू'. रशियनमध्येही 'गलुबोय' आणि 'सीनी' असे दोन वेगळे रंग आहेत. इंग्रजीतून गेलात की दोन्ही नुसते 'ब्लू' होतात आणि पलीकडे पोचेपर्यंत फरक गळून जातो.

खरी डोकेदुखी 'निपोते'ची. इटालियनमध्ये नातू, नात, पुतण्या, भाची, सगळे निपोतेच. शब्दाच्या आधी 'इल' आहे की 'ला' यावरून मुलगा की मुलगी एवढं कळतं, पिढी कळत नाही. अनेकवचन 'इ निपोती' आलं, तर त्यात मुली आहेत की नाहीत हेही सांगता येत नाही. रशियनला मात्र नातू म्हणजे 'व्नुक' की पुतण्या-भाचा म्हणजे 'प्लिम्यान्निक' हे ठरवावंच लागतं. आसपास 'नोन्नो' म्हणजे आजोबा किंवा 'त्सीओ' म्हणजे काका-मामा आहे का बघा, जन्मतारखा जुळवून बघा. तरीही उलगडलं नाही तर काम देणाऱ्याला विचारा. मृत्युपत्रात अंदाज अजिबात नको.

रशियनमधून येताना 'रुका' अडवतो. मराठी माणसाला तो सोपा, कारण आपला 'हात'ही बोटांपासून खांद्यापर्यंत असतो. इटालियनमध्ये पंजा 'मानो', वरचा भाग 'ब्राच्चो'. म्हणून शेजारचा शब्द बघायचा: कुणाला हाताला धरून नेलं तर 'पेर मानो', पण मूल 'ना रुकाख' असेल, आपण कडेवर म्हणू तसं, तर 'इन ब्राच्चो'.

वैद्यकीय कागदात आणखी जपा. 'प्लिचो' बोलण्यात खांदा, पण शरीरशास्त्रात खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग. 'पिरिलोम प्लिचा' म्हणजे दंडाचं हाड मोडलंय. इटालियनमध्ये तिथे 'ओमेरो' हवं. 'स्पाल्ला' म्हणजे खांदा लिहिलंत तर दुखापतीची जागाच बदलते.

स्वतःचा तक्ता करताना एका ओळीत एक शब्द नको, एक अर्थ घ्या. 'प्लिचो'च्या दोन ओळी होतील, 'निपोते'च्या चार. प्रत्येक ओळीत तिन्ही भाषांतले शब्द आणि शेवटी एक रकाना: कोणता शेजारी शब्द दिसला की हाच अर्थ घ्यायचा. हा रकाना रिकामा राहिला, तर ती ओळ अजून वापरायची नाही.