शिरीन, इफिजेनिया आणि आक्काचा दहीभात

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

वर्गात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतला, राजा स्टॅनिस आपल्या मुलीला, शिरीनला, जाळतो तो प्रसंग दाखवून बाईंनी त्याच्यामागे मुलीचा बळी देणारा ग्रीकांचा राजा ॲगमेम्नॉन उभा असल्याचे सांगितले, तेव्हा तुला आपली शितळासप्तमीची कहाणी आठवली आणि तू मला लिहिलेस, “आई, दर श्रावणात तू मला दहीभात देतेस, तो नातवाचा बळी देणाऱ्या राजाच्या गोष्टीसाठी? लहान मुलांना असे सांगतात का?” ते वाचून मला लागले, आणि उत्तरही चटकन सुचले नाही.

तो भाग जून 2015 मध्ये आला, तेव्हा तू निजल्यावर मी तो एकटीने पाहिला होता. शिरीनच्या गालावरचे, आजाराने दगडासारखे झालेले व्रण पाहून मला पहिल्यापासून माझी आजी, आक्का, आठवे, कारण तिच्या चेहऱ्यावरही देवीचे वण होते. त्या साथीतून आक्का उठली. तिचा पहिला मुलगा, म्हणजे माझे थोरले काका, उठले नाहीत. वाईच्या घरी त्यांचे नाव कोणी काढत नसे.

सप्तमीला आमच्याकडे चूल पेटत नसे. आदल्या रात्री रांधलेले गार अन्न, काकडीच्या पानावर दहीभात, आणि समोर मांडी घालून बसलेली आम्ही भावंडे. तळ्याला पाणी लागेना, जळदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा मागितला, म्हणून राजाने सुनेला माहेरी धाडले, मुलाला न्हाऊमाखू घातले, दागिने घातले, पलंगावर निजवले आणि पलंग तळ्यात नेऊन ठेवला, इथवर आले की आक्काचा आवाज खाली जाई. पुढे सून परतताना तळ्यात उभी राहून वाण देते आणि बुडालेले मूल तिचे पाय ओढू लागते, तेव्हा तो पुन्हा वर येई. मी त्या एका वाक्यासाठी बसत असे.

आता तुझ्या बाईंच्या मुद्द्याकडे येते. ट्रॉयवर निघालेली ग्रीकांची जहाजे असताना ऑलिसच्या बंदरात वारा पडला आणि आर्टेमिस देवीने ॲगमेम्नॉनची मुलगी इफिजेनिया मागितली, तेव्हा त्याने वीर अकिलिसशी लग्न लावण्याची थाप बायकोला, क्लायटेम्नेस्ट्राला, मारून मुलीला बोलावून घेतले. स्टॅनिसचे सैन्य बर्फात अडकते, आणि शिरीनवर माया करणारा त्याचा सरदार दावोस आड येईल, म्हणून तो त्याला आधीच दूर पाठवतो. आमचा राजाही सुनेला माहेरीच पाठवतो. तिन्हीकडे काही तरी अडलेले आहे आणि तिन्हीकडे थांबवू शकणाऱ्या माणसाला चुकवले आहे, हे मला तुझ्या पत्रामुळेच दिसले.

मात्र मालिकेने सर्वांत खोल आठवण ज्या वस्तूत ठेवली आहे, ती दावोसने शिरीनला कोरून दिलेला लाकडी सांबर आहे. ग्रीक कथेत देवी मुलीला उचलून नेते आणि वेदीवर हरिणी पडलेली दिसते. इथे सांबर आहे, पण तो कोणाच्या जागी पडत नाही, पुढच्या पर्वात दावोसला तो जळून काळा झालेला सापडतो. ग्रीक कथा माहीत असलेल्याला सुटकेची आठवण करून द्यायची आणि सुटका मात्र द्यायची नाही, हे मला फार कठोर वाटले, आणि खरेही वाटले.

म्हणून कहाणीची बाजू मी पूर्ण घेऊ शकत नाही. आमच्या सुनेला मूल परत मिळते आणि ती सासऱ्याला एका शब्दाने जाब विचारत नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 405 च्या सुमारास रंगभूमीवर आलेल्या त्याच्या नाटकात हरिणीची वार्ता ऐकून क्लायटेम्नेस्ट्रा निदान शंका घेते की, माझे दुःख शमावे म्हणून तर ही गोष्ट रचलेली नाही ना. पण आक्काने ही कहाणी सासऱ्यासाठी वाचली नाही, एवढे मला ठाऊक आहे. मुलाने पाय ओढल्याचे वाक्य तिला दर वर्षी स्वतःच्या तोंडाने म्हणायचे असे.

तू दहीभात खाल्लाच पाहिजेस असे नाही. यंदा सप्तमीला तू वसतिगृहात असशील, मी विचारणारही नाही.

आठ वर्षांची असताना मी आक्काला विचारले होते, “त्या आईला राग नाही आला?” ती ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “पोथीत लिहिलेले नाही,” आणि पुढे वाचू लागली.

तुझी,
आई