डॉल्फिनच्या भेटीला कुटुंबासह जाताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे सागरी प्राण्यांच्या सहवासात कुटुंबाने घालवायच्या दिवसाविषयी आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांना पूरक असल्यामुळे ती एकत्र देत आहे.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही अमेरिकेत टॅम्पा येथे माझ्या दिरांकडे जात आहोत. ऑरलँडो येथील ‘डिस्कव्हरी कोव्ह’ या उद्यानात डॉल्फिनबरोबर पोहता येते असे मोठ्या मुलाने मित्राकडून ऐकले आणि तेव्हापासून त्याने तोच हट्ट धरला आहे. मुलगा दहा वर्षांचा आहे आणि मुलगी पाच वर्षांची. बरोबर ७१ वर्षांच्या सासूबाई असतील. त्यांचे गुडघे दुखतात आणि गुरुवारी त्यांचा उपास असतो. मला पोहता येत नाही. खर्च मोठा असल्याने दिवस वाया जाऊ नये असे वाटते. तो कसा आखावा?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपले पत्र वाचताना मी प्रथम थांबलो तो धाकट्या मुलीच्या वयापाशी. या उद्यानात डॉल्फिनच्या भेटीसाठी किमान वय सहा वर्षे आहे, त्यामुळे तिला त्या पाण्यात उतरता येणार नाही. दादा डॉल्फिनजवळ जाणार आणि आपण काठावर बसणार, हे पाच वर्षांच्या मुलीला तेथे पोहोचल्यावर कळले तर पुढचे दोन तास कोणाचेच धड जाणार नाहीत. म्हणून ही गोष्ट तिला मुंबईतच सांगावी आणि तिच्या वाट्याला काय येणार आहे तेही त्याच वेळी सांगावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाबरोबर तिकीट काढलेली प्रौढ व्यक्ती पाण्यात असावी लागते, तेव्हा मुलाबरोबर यजमानांनी जावे आणि त्या वेळात मुलीला आपण सांभाळावे, ही वाटणी सर्वांत सोयीची आहे. डॉल्फिनची भेट वगळून केवळ दिवसभराच्या प्रवेशाचे तिकीटही मिळते. त्यामुळे पाचही जणांसाठी महागडे तिकीट घेण्याचे कारण नाही. ती भेट मुळात घ्यावी की घेऊ नये याविषयीचे माझे मत पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे. बुकिंगपूर्वी तेही वाचावे, अशी विनंती आहे.

डॉल्फिनच्या सान्निध्यातील वेळ साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि उद्यानातला मुक्काम सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा असतो, हे लक्षात घेतले की आखणी आपोआप बदलते. २००० साली सुरू झालेल्या या उद्यानात रोज मर्यादित संख्येनेच पाहुणे घेतले जातात आणि आगाऊ बुकिंगशिवाय जाण्यात अर्थ नसतो. नाताळ ते नववर्ष हा तेथील सर्वाधिक गर्दीचा आणि सर्वाधिक दराचा काळ असल्याने तारीख लवकर ठरवावी आणि पैसे भरण्याआधी तारीख बदलण्याचे व रद्द करण्याचे नियम नीट वाचावेत. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, मधले खाणे व पेये, टॉवेल, लॉकर, स्नॉर्केलिंगचे (मुखवटा व श्वासनळी लावून पाण्याखाली पाहण्याचे) साहित्य आणि वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा पोशाख) हे सारे तिकिटातच येते. त्यामुळे घरून सामानाच्या पिशव्या भरून नेण्याची गरज नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड मात्र प्रत्येकासाठी हवाच, आणि सासूबाईंसाठी एक शाल.

शाल लिहिण्याचे कारण असे, की डिसेंबरात फ्लोरिडाच्या या भागात दुपारी हवा छान उबदार असली तरी सकाळी चांगलीच थंडी असते, आणि मुंबईकरांना ती अधिकच बोचते. डॉल्फिन व मासे असलेल्या खाऱ्या पाण्याचे तापमान प्राण्यांच्या सोयीने राखलेले असते. ते पाणी गार लागते आणि मुले वेटसूट असूनही कुडकुडू शकतात. गोड्या पाण्याचा संथ वाहणारा प्रवाह त्या मानाने उबदार असतो, म्हणून खाऱ्या पाण्यातून बाहेर आल्यावर मुलांना तिकडे न्यावे. हा प्रवाह पक्ष्यांच्या दालनातून जातो. तेथे छोटे पक्षी हातावर येऊन दाणे टिपतात, आणि आपल्या मुलीचा दिवस खऱ्या अर्थाने येथेच साजरा होईल असे मला वाटते. तिच्या आजीलाही हे दालन पाण्यात न उतरता, चालत जाऊन पाहता येते. जवळच पाणमांजरे आणि मार्मोसेट जातीची चिमुकली माकडे आहेत. कृत्रिम प्रवाळांमधल्या ‘ग्रँड रीफ’ या मोठ्या तलावात पाकटे (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) आणि नाना रंगांचे मासे फिरत असतात. आपल्याला पोहता येत नसले तरी तरंगण्याचे जॅकेट घालून उथळ भागात उभे राहिले आणि चेहरा मुखवट्यासह पाण्यात बुडवला, तरी पुष्कळ दिसते. सासूबाईंना वाळूतून चालणे जड जाईल, त्यामुळे वाळूवर चालणारी व्हीलचेअर मिळेल का याची चौकशी बुकिंगच्या वेळीच करावी आणि बसण्यासाठी प्रसाधनगृहाजवळची, सावलीची जागा सकाळीच धरावी.

दागिन्यांविषयी स्पष्ट लिहितो. डॉल्फिनची कातडी फार नाजूक असते आणि अंगठीच्या किंवा बांगडीच्या कडेने ती ओरखडली जाते. शिवाय पाण्यात पडलेली लहानसहान वस्तू प्राण्याने गिळल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पाण्यात उतरणाऱ्यांना दागिने काढून ठेवावे लागतात. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी, मुलाच्या गळ्यातली साखळी आणि मनगटातला गंडादोरा यांतले जे काढता येते ते दिरांच्या घरीच ठेवून निघावे, म्हणजे लॉकरपाशी ऐन वेळी घालमेल होणार नाही. सनस्क्रीन घरून लावून जाऊ नये. प्राण्यांना अपाय होणार नाही असे सनस्क्रीन तेथेच दिले जाते आणि तेच वापरावे लागते. डोक्याला तेलही त्या दिवशी लावू नये. डॉल्फिनच्या तलावात स्वतःचा कॅमेरा नेता येत नाही. छायाचित्रे उद्यानाचे लोक काढतात आणि ती वेगळ्या पैशांनी विकतात, तेव्हा किती घ्यायची हे पतिपत्नींनी आधीच ठरवावे.

डॉल्फिनच्या भेटीची वेळ सहसा उद्यानात पोहोचल्यावर मिळते, म्हणून लवकर पोहोचणाऱ्याचा फायदा होतो. सुट्टीच्या दिवसांत टॅम्पा ते ऑरलँडो महामार्गावर वाहनांची मोठी कोंडी होते. आदल्या रात्री ऑरलँडोत मुक्काम करता आला तर मुले ताजीतवानी राहतील. शाकाहारी जेवण मिळते, पण उपासाचे म्हणून वेगळे काही मिळणार नाही. फळे असतात, तरीही सासूबाईंसाठी गुरुवार सोडून दुसरा वार निवडणे हेच श्रेयस्कर. प्रवास विम्यात पाण्यातील खेळांचा समावेश आहे का, तेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

प्रश्न : आमची मुलगी आठवीत आहे. आम्हीही फ्लोरिडाला जाणार असून तिच्या वडिलांना डॉल्फिनबरोबर पोहण्याचा कार्यक्रम ठरवायचा आहे. मुलगी म्हणते की कोंडलेल्या प्राण्यांशी खेळायला ती येणार नाही. वडील म्हणतात की प्राण्यांची तेथे उत्तम काळजी घेतली जाते आणि मुले त्यातूनच निसर्गावर प्रेम करायला शिकतात. आपल्याला काय वाटते?
— एक वाचक, दादर

उत्तर : मी आपल्या मुलीच्या बाजूचा आहे. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. अशा मोठ्या उद्यानांत पशुवैद्य असतात, खाणे नियमित मिळते, आणि प्राण्याच्या कातडीला हात लावल्यावर मुलाच्या मनात जी ओढ निर्माण होते ती खरीच असते. तरीही बाटलीनाक डॉल्फिन हा कळपात राहणारा, खोल बुडी मारणारा, समुद्रात रोज मैलोन्‌मैल फिरणारा आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भोवतालचा अंदाज घेणारा प्राणी आहे. चार दशकांहून अधिक जगू शकणाऱ्या अशा प्राण्याने ती सारी वर्षे एका तलावात, अनोळखी माणसांच्या एकामागून एक येणाऱ्या गटांसमोर काढावीत, हे मला पटत नाही. तलाव कितीही स्वच्छ असला तरी हा आक्षेप कायम राहतो.

आपल्या देशाने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे, हे मुलीला अवश्य सांगावे. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानासाठी परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मरण पावले होते. पुढे काही राज्यांत नवे डॉल्फिनगृह उभारण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून अशा प्रस्तावांना परवानगी देऊ नये असे राज्यांना कळवले. गंगेतील डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचर म्हणून मान मिळालेला होताच. कॅनडाने २०१९ साली देवमासे व डॉल्फिन मनोरंजनासाठी बाळगण्यावर कायद्याने बंदी घातली. म्हणजे आठवीतल्या मुलीच्या मनात आलेली शंका देशोदेशींच्या कायद्यांतही उतरलेली आहे, आणि तिला ‘तुला काय कळते’ असे म्हणून गप्प करणे योग्य होणार नाही.

फ्लोरिडात आपल्याला याहून चांगला पर्याय आहे, आणि त्याविषयी लिहिताना मला मनापासून आनंद होतो. ऑरलँडोच्या पश्चिमेला, मोटारीने साधारण दीड-दोन तासांवर क्रिस्टल रिव्हर हे गाव आहे. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताचे पाणी गार पडले की मॅनेटी नावाचे प्रचंड, शाकाहारी आणि अत्यंत सौम्य प्राणी तेथील झऱ्यांच्या आश्रयाला येतात, कारण या झऱ्यांचे पाणी वर्षभर सुमारे २२ अंश सेल्सिअसवर स्थिर असते. कच्छचे आखात, मन्नारचे आखात आणि अंदमानच्या समुद्रात आढळणारा डुगाँग हा त्यांचाच नातलग. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत परवानाधारक वाटाड्यांबरोबर येथे पाण्यात उतरता येते. वेटसूट घालून, हातपाय न मारता तरंगत राहायचे, प्राण्याच्या मागे जायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, काही खायला द्यायचे नाही, आणि दोरीने वेगळ्या केलेल्या विश्रांतीच्या भागात शिरायचे नाही, असे तेथील नियम आहेत. मॅनेटी आपणहून जवळ आला तर तो आला. नाही आला तर दुरून पाहायचे. थंडीची लाट आली आणि प्राण्यांची दाटी झाली की काही झरे माणसांसाठी बंद केले जातात, तेव्हा एक दिवस हाताशी जादा ठेवावा. सकाळची पहिली फेरी घ्यावी, कारण तेव्हा पाणी नितळ असते आणि माणसे कमी असतात.

बोरिवलीच्या वाचक भगिनींप्रमाणे आपल्याही बरोबर कोणी ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर ऑरलँडोच्या उत्तरेला ऑरेंज सिटीजवळ ‘ब्लू स्प्रिंग’ हे राज्य उद्यान आहे. मॅनेटींच्या मुक्कामाच्या काळात तेथे पोहायला बंदी असते, आणि झऱ्याच्या कडेने बांधलेल्या लाकडी पायवाटेवरून ते खाली काचेसारख्या पाण्यात पहुडलेले दिसतात. आजीला, पाच वर्षांच्या नातीला आणि आठवीतल्या मुलीला हे दृश्य सारखेच पाहता येते. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी जागा भरली की या उद्यानाचे फाटक बंद करतात, म्हणून दार उघडण्याच्या वेळीच पोहोचावे.

वडिलांना हा पर्याय उगाच सुचवलेला वाटू नये म्हणून दोन्ही पर्यायांचा विचार त्यांनी मुलीबरोबर बसूनच करावा. तरीही त्यांनी उद्यानातच जायचे ठरवले, तर डॉल्फिनविना मिळणारे तिकीट घ्यावे, एवढे तरी मी आग्रहाने सुचवेन.

प्रश्न : परदेशी जाणे आमच्या आवाक्यातले नाही. मुंबईत किंवा जवळपास मुलांना सागरी प्राणी दाखवता येतील असे काही आहे का? लहानपणी आम्ही तारापोरवाला मत्स्यालयात जात असू.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षे बंद आहे. मुंबईच्या मुलांची ती मोठीच हानी आहे, असे मी मानतो. पण खुद्द किनारा उघडा आहे आणि त्यावर जे आहे ते पाहायला फार थोडे मुंबईकर जातात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून हाजी अली, मरीन ड्राइव्ह, गिरगाव, जुहू अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी जाणकारांसह फेऱ्या काढतो. खडकांत साचलेल्या वीतभर पाण्यात समुद्रफुले, शंखात घर केलेले खेकडे, रंगीत समुद्री गोगलगाई आणि नशीब चांगले असेल तर एखादे छोटे ऑक्टोपसही दिसते. मुलांना पहिल्या फेरीला जाणकारांबरोबरच न्यावे, कारण कुठे पाहायचे हे कळल्याशिवाय काहीच दिसत नाही.

ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून हिवाळा व उन्हाळ्यात ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहण्यासाठी नौका सुटतात. त्यांची वेळ भरतीवर अवलंबून असते आणि जागा आधी राखावी लागते. डॉल्फिनच पाहायचे असतील तर दापोलीजवळच्या मुरूड, कर्दे आणि हर्णै किनाऱ्यांवरून पावसाळा सोडून इतर काळात सकाळी होड्या जातात. निघण्यापूर्वीच तांडेलला (होडी चालवणाऱ्याला) सांगावे, की डॉल्फिन दिसले तर होडी दूर ठेवा, यंत्र मंद करा आणि पाठलाग करू नका. अर्धा तास कमी दिसले तरी चालेल. बहुतेक तांडेल हे आनंदाने ऐकतात, कारण पाठलाग करण्याची मागणी बहुधा प्रवाशांकडूनच होत असते. सर्वांना तरंगण्याचे जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत पाऊल टाकू नये.

खडकांवर जाताना पायांत पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. अनवाणी जाऊ नये. २०१३ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांच्या काट्यांनी अनेक भाविक जखमी झाले होते, हे आपल्याला आठवत असेल. काटा लागलाच तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. कोणताही प्राणी उचलून बाटलीत घालू नये, आणि दगड उलटून पाहिला तर तो जसा होता तसाच परत ठेवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वांत दूरवर जाते, म्हणून दिवस त्याप्रमाणे निवडावा. ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोहोचावे, आणि पाणी वळू लागले की मुलांनी कितीही विनवले तरी खडकांवरून बाहेर पडावे.