बोटांनी मोजलेली जमीन

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला, फोटोही मिळाले. फोटो तीनदा पाहिले. उतारावरची कॉफी, खाली भाताची खाचरं, मध्ये धुक्याचा पट्टा आणि त्यात हात पसरून उभा असलेला तुझा गाइड, 'इथून तिथपर्यंत' दाखवणारा. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर रुतेंग गावाच्या दक्षिणेचा हा डोंगर मी पाहिलेला आहे. जागा देखणी आहे, वादच नाही. १५०० चौरस मीटर म्हणजे आपले पंधरा गुंठे, त्यातही जरा कमीच. "काका, गाइडच्या नावावर घेऊन टाकू का?" असं विचारलंस. उत्तर 'नाही' आहे. पण नुसतं नाही म्हटलं तर तू ऐकायचा नाहीस. तुझ्या बापाला मी चाळीस वर्षं ओळखतो.

आधी कागद. गाइडनं दाखवलेल्या कागदावर 'एसपीपीटी पीबीबी' असं लिहिलंय. ती जमिनीच्या कराची मागणी आहे. घरपट्टीची पावती नाचवत कुणी घर विकायला निघाला तर तू हसशील ना? हे तसंच. मालकीचा दाखला वेगळा असतो, तो सरकारी भूमी कार्यालयातून निघतो आणि त्याला नकाशा जोडलेला असतो. त्या मालकीला म्हणतात 'हक मिलिक'. ऐकायला घरचं वाटतं, कारण आपला हक्क आणि आपली मिळकत त्याच अरबी घराण्यातल्या. पण तो हक्क मिळतो फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. तिथला १९६० चा भूमी कायदा आहे, त्याचं कलम २१ हे सांगतं. कलम २६ आणखी कडक आहे. परक्याला आडवळणानं मालकी मिळावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. 'गाइडच्या नावावर' हे ते आडवळण.

यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला मिळवायला पुण्यातली आयटीवाली मंडळी काय काय करतात ते तू पाहिलंयस. तिथे तर शेतजमिनीच्या मालकानं त्याच तालुक्यात राहावं असाही नियम आहे. कागदावर जकार्ताचा माणूससुद्धा अडतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २००४ साली मी जावा बेटावर पुर्वाकार्ताच्या एका सूतगिरणीत होतो. बांडुंगच्या वर लेंबांगला थंड हवा, भाजीचे मळे. आमच्या स्टोअरमधल्या एका माणसाच्या नावावर तिथे चार गुंठे घेतले. नोटरीकडे जाऊन त्याच्या नावे कर्जखत केलं, माझ्या नावे मुखत्यारपत्र केलं, खूप हुशारी केली. माणूस सोन्यासारखा. दर सोमवारी तिथला कोबी पिशवीत घालून आणायचा. पाच वर्षांनी तो हृदयविकारानं गेला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गेलो, तर चहाचा पेला पुढे करत त्याची बायको म्हणाली, "लेंबांगची जमीन विकतोय, मुलांच्या शिक्षणाला होईल." तिला काही ठाऊकच नव्हतं. माझ्या पिशवीत सगळे कागद होते. ते मी बाहेर काढले नाहीत. काढून उपयोग नव्हता, आणि तोंडही नव्हतं. मला कुणी फसवलं नव्हतं, हे नीट लक्षात घे. तुझा गाइड सज्जन आहे असं तू चार वेळा लिहिलंयस म्हणून सांगतो.

आता मांगराईची, म्हणजे रुतेंगच्या मुलखाची गोष्ट, कारण तिथलं प्रकरण लेंबांगपेक्षा खोल आहे. रुतेंगजवळ चांचारला टेकडीवर चढून खाली पाहिलंस का? शेतं कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसतात. त्याला लिंगको म्हणतात. मधोमध तेनो झाडाची खुंटी रोवायची, आणि तिथून बाहेरच्या वर्तुळापर्यंत रेषा ओढून कुटुंबांना वाटे द्यायचे. वाटा मोजायचा खुंटीपाशी, बोटांनी. मध्याशी दोन बोटं मिळाली तरी काठाशी त्याचं चांगलं ऐसपैस शेत होतं. हे वाटप करणारा तो तुआ तेनो, गावाचा मुख्य तो तुआ गोलो, आणि ढोल टांगलेलं मोठं घर ते गावाचं मूळघर. त्यांच्यात म्हणच आहे, आत ढोल, बाहेर लिंगको. म्हणजे घर आणि जमीन ही एकच वस्तू.

आता बरेच लिंगको वाटून संपलेत, कुटुंबांच्या नावावर लागलेत, काहींना पक्के दाखलेही मिळालेत. पण म्हणून विकणाऱ्याचे भाऊ, चुलते, मकासारला कामाला गेलेला पुतण्या हे सगळे नाहीसे होत नाहीत. कोकणातला सामाईक सातबारा डोळ्यांपुढे आण. एक जण सही करतो आणि गणपतीला सगळे गावी आले की भांडण उभं राहतं. तिथे गणपतीऐवजी पेंती असते, वर्षाच्या पिकाचा उत्सव, त्याला सगळे येतात.

आणखी एक रेघ आहे, ती फोटोत दिसत नाही. जंगलाची हद्द. पूर्वेकडच्या कोलोल भागातल्या शेतकऱ्यांची कॉफी राखीव जंगलात येते म्हणून प्रशासनानं तोडली, काहींना अटक केली. त्याचा जाब विचारायला १० मार्च २००४ ला लोक रुतेंगला गेले, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांची ही गत. तुझ्या उताराच्या वरच्या अंगाला जे दाट रान दिसतंय, ती हद्द नेमकी कुठून जाते हे गाइडला विचारलंस का? २०१७ मध्ये सरकारनं फ्लोरेसला भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या ऊर्जेचं बेट म्हणून जाहीर केलंय, आणि तुझ्या डोंगराच्याच बाजूला पोको लेओक भागातले लोक त्यासाठीच्या विहिरींच्या खोदकामाविरुद्ध उभे आहेत. 'पुढे भाव वाढणार' असं तुला कुणी सांगितलं असेल, तर तो भाव कशानं वाढतोय तेही विचार.

राहण्याचं म्हणशील तर तू ऑगस्टात गेला होतास. ऑगस्टात तिथे कुणीही प्रेमात पडेल. जानेवारीत जा. दुपारी एकदा सुरू झालेला पाऊस पत्र्यावर असा वाजतो की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दरड कोसळली की रस्ता बंद, आणि लाबुआन बाजोचा विमानतळ एरवीही चार तास वळणांवर. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे तुझ्या कंपनीची संध्याकाळी सातची मीटिंग तिथे रात्री साडेनऊला, थंडीत, सिग्नल असेल तर. डोंगरातल्या वाए रेबो गावाची ती सात शंकूसारखी घरं तू पाहिलीस. २०१२ मध्ये त्यांना युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण त्या गावाचीही खाली कोंबोला दुसरी वस्ती आहे, पोरं तिथे राहून शाळेत जातात. वरच्या गावातल्या लोकांनाच खाली एक घर लागतं.

खर्च जागेचा कमी, माणसांचा जास्त. पाहुणा म्हणून गेलास की कोंबडा आणि ताडी पुढे येते. राहिलास की आहेराची वही सुरू होते. कुणाचा मुलगा कॉलेजला निघाला की पैसे जमवायला जेवण, कुणाचं लग्न ठरलं की मुलीकडे द्यायच्या रकमेसाठी सगळ्या भाऊबंदांची वर्गणी. टाळता येत नाही, आणि टाळूही नये. घर गळायला लागलं की पत्रा धरायला तीच माणसं येतात. आणि हो, तिथे तरुण पोराला 'नाना' म्हणतात. तुझ्या आजोबांना सांग, खूश होतील.

होमस्टेचं स्वप्न सध्या गुंडाळून ठेव. परदेशी माणसाला कंपनी काढून धंदा करायचा तर जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते. आपले पाच कोटींहून जास्त झाले. राहण्याचा परवाना असेल तर 'हक पाकाई'नं, म्हणजे वापराच्या हक्कानं, घर घेता येतं. आधी ३० वर्षं, मग २०, मग पुन्हा ३०. पण प्रांतागणिक किमान किंमत ठरलेली आहे, आणि तुझं लाकडी घर त्या हिशेबात बसेल असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? तिथे उतरल्यावर मिळणारा आगमन व्हिसा ३० दिवसांचा, एकदा वाढवून ६० होतो. सुट्टी साठवून जानेवारी-फेब्रुवारी त्याच गावात एक खोली भाड्यानं घे. जमिनीचं नावही काढू नकोस. कॉफी वेच, कांडायला बस, तुआ गोलोच्या घरी जाऊन ये. कायमचं काम तिथून करायचं असेल तर २०२४ पासून वर्षभराचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलर मिळकत लागते. तुझा पगार तिथवर आला की बोलू. दोन पावसाळे काढून मन तेच म्हणत असेल, तर कुणाचं तरी उभं घर काही वर्षांच्या भाडेकरारानं घे. करार त्यांच्या भाषेत, भावांच्या आणि बायकांच्या सह्यांनिशी, तुआ गोलोसमोर.

छत्री नेऊ नकोस, वाऱ्यात उलटते. गमबूट रुतेंगच्या बाजारात मिळतात. आणि गाइडला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर किती, ते बाबांना न सांगता आधी मला कळव.

तुझा,
काका